फुंक, रेघ आणि गाठ

वाहतूक पोलिसांत मी शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन घरी आलो, पण खरं सांगायचं तर मधली सगळी नोकरी माझ्या नाकाने केली. हात दाखवायला आणि शिट्टी मारायला कोणीही चालतो. ‘घाडीला बोलवा’ असा निरोप यायचा तो नाकासाठी.

आता पोरं ड्रायव्हरच्या तोंडासमोर यंत्र धरतात. बारीक नळी, फूं केलं की आकडा. आकड्याशी कोणी भांडत नाही. आमच्या वेळी यंत्र नव्हतं, कागद होता. कोऱ्या कागदाचा शंकू करायचा, शेंगदाण्याच्या पुडीसारखा, आणि रुंद तोंड ड्रायव्हरच्या ओठांशी धरून म्हणायचं, ‘फुंक मारा.’ निमुळत्या टोकाशी आमचं नाक. कागद कोराच लागतो, कारण वर्तमानपत्राच्या शाईला स्वतःचा वास असतो. नवीन शिपाई थेट तोंडाजवळ नाक न्यायचे आणि फसायचे. माणसाच्या अंगाला, सदऱ्याला, गाडीच्या गादीला कसलाही वास असू शकतो. मागे बसलेला पाहुणा प्यालेला असतो आणि वास ड्रायव्हरच्या नावावर जमा होतो. शंकूतून फक्त पोटातली हवा येते.

या नाकासाठी मी तपकीर सोडली. सर्दी झाली की साहेब मला सिग्नलवर उभं करायचे, तपासणीला दुसरा. घरी आमच्या मंडळींनीही या सरकारी मालाचा पुरेपूर वापर केला. बाजारात बांगडा घेताना मला पुढे करायची आणि कोळणी ओरडायच्या, ‘आला बाई नाकवाला.’

फुंक झाली की रेघ. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून टाच पंज्याला लावत चालायचं, वळायचं, परत यायचं. मग डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावायचं. एवढ्यावर संशय पक्का झाला तर गाडी बाजूला आणि माणूस इस्पितळात. तिथे डॉक्टर वास, बोलणं, चाल, डोळ्यांच्या बाहुल्या सगळं बघून लिहायचे, रक्त काढायचे आणि बाटली प्रयोगशाळेला जायची. प्रयोगशाळेचा निकाल यायला किती दिवस लागतील ते ब्रह्मदेवाला ठाऊक. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. गिरगावातल्या एका वाडीतले हेडक्लार्क होते, परीटघडीचे कपडे, स्कूटर. रविवारी दुपारी मित्राकडे जेवून यायचे आणि गालात वेलची. मी शंकू धरला की हे गृहस्थ फुंक मारायच्या ऐवजी श्वास आत ओढायचे. ‘अहो, बाहेर सोडा.’ ‘सोडलाच की.’ ‘तुम्ही प्यालात तो कागद.’ शेवटी श्वास कोंडून कोंडून लालबुंद झाले आणि ठसका लागून जे काय बाहेर आलं, त्यात वेलचीचा पत्ताही नव्हता. स्कूटर चौकीत ठेवून मी त्यांना पायी घरापर्यंत सोडलं. वाटभर मला इंग्रजी व्याकरण शिकवत होते.

आणि शीव कोळीवाड्याचा एक टेम्पोवाला. त्याला रेघेवर चालवला तर असा डोलायचा की बघणाऱ्यालाच चढावी. फुंक मात्र स्वच्छ. म्हणजे दारूपुरती स्वच्छ, बाकी सुकटीचा घमघमाट. ‘साहेब, भावाच्या बोटीवर गेलेलो, आजच उतरलोय. जमीन हलतेय अजून.’ त्याची बायको मागच्या पाट्यांवर बसली होती. ती खाली उतरली, कमरेला पदर खोचला आणि मला म्हणाली, ‘प्यालेला असता तर गाडी त्याच्या हातात ठेवली असती काय मी? तुझ्या आधी मीच तंगडी मोडली असती.’ हे प्रमाणपत्र मला इस्पितळाच्या कागदापेक्षा भरवशाचं वाटलं. डोलणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पोटात दारू नसते हे मी त्या दिवशी शिकलो.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसलो ते सांगतो. त्यासाठी आधी घरचं सांगावं लागेल.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. माझे बाबा गिरणीत साचेवाले. मागाला गिरणीत साचा म्हणतात. साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडत असतात; तिथे तोंडाने ओरडून शेजाऱ्यालाही ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरच्याचे ओठ वाचतात. वर्षानुवर्षं तसं करता करता कान जातात आणि ओठांची बोली तेवढी उरते. आमच्या घरात ती सगळ्यांना येत होती. आई बाबांना रागवायची ती याच बोलीत, म्हणजे शेजारी ऐकायला नको. सबंध भांडण व्हायचं आणि चाळीत पत्ता नसायचा.

मग संप आला. मला बंदोबस्ताला गिरणीच्या गेटवर उभं केलं आणि समोरच्या गर्दीत बाबा. आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं. घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत, मीही नाही. त्यांना माझा राग नव्हता असं आई म्हणायची. ‘पोराची नोकरी हा ती,’ एवढंच ते तिच्याकडे बोलले होते म्हणे. पण गिरणी हा विषय आमच्यात तिथे संपला. संप लांबला, मिटलाही नाही आणि चाललाही नाही, नुसता विरत गेला. गिरणीने बाबांना परत घेतलं नाही. ते गॅलरीत स्टुलावर बसून राहायचे आणि उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर फिरवत राहायचे, उगाच. मला ते बघवायचं नाही. मी ड्युटीवर निघताना ते मान हलवायचे आणि मी मान हलवायचो, एवढाच आमचा संवाद.

त्या काळात लालबाग-परळच्या रस्त्यावर मी ज्यांना पकडलं त्यांतले कितीतरी गिरणीतले होते. कोणी टेम्पो धरला होता, कोणी भाड्याची टॅक्सी. काही जण खरोखर भरदुपारी पिऊन यायचे. त्यांना मी इस्पितळात नेलं. न्यायलाच हवं होतं, रस्त्यावर लोकांची पोरंबाळं असतात. पण नेताना मजा कधी वाटली नाही.

सर्वपित्री अमावास्येची दुपार होती. लालबागच्या नाक्यापासून थोडं पुढे एक टॅक्सी दुभाजकाच्या लोखंडी कठड्याला जाऊन टेकली होती. कोणाला लागलं नव्हतं, नुसता दिवा फुटला होता आणि एका केळीवाल्याची गाडी कलंडली होती. मी आणि आमचे फौजदार साहेब पोचलो तेव्हा गर्दीने ड्रायव्हरला बाहेर ओढलं होतं. पन्नाशीचा माणूस, खाकी सदरा पुढून भिजलेला, आणि देशी दारूचा असा भपकारा की त्याला नाक कशाला हवं. गर्दी म्हणत होती, ‘भरदिवसा ढोसून चालवतोय, द्या त्याला.’ कोणीतरी त्याची कॉलर धरली होती.

साहेब साताऱ्याकडचे, वयाने माझ्यापेक्षा लहान, माणूस भला. त्यांनी गर्दी मागे सारली आणि विचारलं, ‘नाव काय?’ तो गप्प. ‘प्यालायस किती?’ तो एकदम मोठ्याने ओरडला, ‘काय?’ साहेबांनी रेघेवर चालायला सांगितलं, हाताने दाखवलं. तो चालला आणि दोनदा रेघेबाहेर गेला. गर्दी हसली. वास होता, बोलणं धड नव्हतं, चाल बिघडलेली होती. इस्पितळाच्या कागदावर लिहायला अजून काय पाहिजे?

साहेब म्हणाले, ‘घाडी, गाडीत घाला. मेडिकल करून टाकू.’

मी त्याच्या दंडाला धरलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी थबकलो. तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता, ओठांकडे बघत होता. असं बघणारा माणूस मी रोज सकाळी घरून निघताना बघत होतो.

मी आवाज बंद केला आणि नुसते ओठ हलवले. ‘साच्यावर होतास?’

त्याचा चेहराच बदलला. त्यानेही आवाज न काढता ओठांनी उत्तर दिलं. ‘होय. तुमका कसा कळला?’

‘माझा बापूस साचेवाला. प्यालायस?’

‘नाय. शपथ. सकाळपासून पाणीसुद्धा घेऊक नाय.’

भोवती एवढी गर्दी, आणि आम्ही दोघं न आवाज करता बोलतोय. साहेब माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं असेल, हवालदारालाही वासानेच चढली.

ओठांनी त्याने सगळं सांगितलं. नाव परब. गिरणीत त्याच्या शेजारच्या साच्यावर त्याचा एक दोस्त होता. पाणी प्यायला, विडी ओढायला जायचं झालं की साचा शेजाऱ्यावर सोपवायचा ही तिथली रीत. शेजारी ओठांनी म्हणतो, ‘जा, मी बघतय,’ आणि दोन्हीकडचे साचे सांभाळतो. दोस्त संपाच्या दुसऱ्या वर्षी गेला. मुंबईत त्याचं कोणी नव्हतं, गावीही त्याची वाडी दाखवणारं कोणी उरलं नव्हतं. आमच्या कोकणात मेलेल्या माणसासाठी पान वाढून ठेवतात, त्याला वाडी म्हणतात. त्यावर त्याच्या आवडीचं ठेवायचं असतं. विडी ओढणाऱ्याला विडी, घेणाऱ्याला घोटभर. परब दर सर्वपित्रीला बंद गिरणीच्या गेटशी पान ठेवायचा आणि शेजारी थोडी देशी ओतायचा. तोवर स्वतः उपाशी. आज पान आणि बाटली बाजूच्या सीटवर ठेवली होती. ब्रेक लावला तशी बाटली घरंगळली, ती पकडायला तो वाकला, बाटली स्टिअरिंगवर आपटून छातीवर फुटली आणि गाडी कठड्याला टेकली. सीटखाली केळीच्या पानातला भात सांडला होता आणि त्यात काचा.

मी साहेबांना सगळं सांगितलं. कोरा कागद मागवला, शंकू केला. परबने फुंक मारली. उपाशी माणसाच्या तोंडाला जो आंबूस वास येतो तो आला, दारूचा नाही. मी सदऱ्यापासून तोंड दूर धरायला लावून परत घेतली. तेच.

साहेब म्हणाले, ‘तुमच्या नाकावर माझा विश्वास आहे. पण शंभर माणसांनी याला डोलताना बघितलाय. उद्या कोणी विचारलं तर नाक दाखवू का मी?’

त्यांचं चुकत नव्हतं. कान गेले की तोलही जातो, हे इस्पितळातल्या डॉक्टरांनीच मला सांगितलं होतं, पण डॉक्टर समोर नव्हते. मेडिकलला नेला तर रक्ताने तो सुटणार हे नक्की. पण कधी? निकाल येईपर्यंत लायसन आणि टॅक्सीचा बॅज जमा, मालक दुसरा ड्रायव्हर बघणार. गिरणी गेलेल्या माणसाच्या हातात तेवढीच गाडी होती. परब माझ्या ओठांकडे बघत उभा होता.

तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. अंगठा पहिल्या बोटावर फिरत होता, बाबांचा फिरायचा तसाच.

मी खिशातला रुमाल काढला, कडेचा एक धागा उसवून ओढला आणि मधोमध तोडला. दोन्ही टोकं परबच्या समोर धरली. साहेबांना म्हटलं, ‘साहेब, दारू जिभेच्या आधी बोटांच्या टोकांना चढते. प्यालेल्या माणसाला सदऱ्याचं बटण लावता येत नाही. हा धागा त्याला जोडू द्या. नाही जमलं तर मी स्वतः त्याला इस्पितळात नेतो.’

चालू साच्यावर धागा तुटला की साचा थांबवून तो सांधायचा असतो. गाठ अशी बारीक हवी की फणीच्या दातांतून न अडकता जावी, नाहीतर कापडात दोष दिसतो. हे मी बाबांकडून ऐकलं होतं. केलेलं मात्र कधी बघितलं नव्हतं, कारण पोलीस झाल्यावर मी गिरणीत गेलो तो फक्त गेटपर्यंत.

परबने टोकं घेतली. नंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मला ते दिसलंच नाही. डाव्या हातात दोन टोकं एकावर एक पडली, उजव्या अंगठ्याने काहीतरी फिरवलं, आणि धागा अखंड झाला. साहेबांनी तो घेऊन ओढून पाहिला, बोटांत धरून चाचपला.

‘गाठ कुठाय?’ ते म्हणाले.

गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने पुढे होऊन धागा उन्हात धरला आणि नखाने दाखवली. तोही गिरणीतलाच असणार.

साहेबांनी रुमालाचा दुसरा धागा काढला. ‘पुन्हा कर.’ आता त्यात तपासणी नव्हती, त्यांना नुसतं बघायचं होतं. परबने पुन्हा केली. मग साहेबांनी तिसरा धागा दिला, तो जोडताना मात्र परब रडत होता. मला ओठांनी म्हणाला, ‘किती वर्सांनी सूत हातात इला.’

साहेबांनी कठड्याला धडक दिल्याचं चलान फाडलं, ते सोडून चालणार नव्हतं. केळीवाल्याची समजूत घातली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘त्याला काहीतरी खायला घाला आणि त्या गेटपर्यंत नेऊन आणा. गाडी तुम्ही चालवा.’ पान नव्याने घेतलं, भात पुढच्या खाणावळीतून. बाटली काही घेतली नाही. परब म्हणाला, दोस्ताला आज सदऱ्यावरच्या वासावर भागवायला सांगतो. आधी दोस्ताला पान ठेवलं, मग तो जेवला.

संध्याकाळी घरी आलो. रुमाल धुवायला टाकण्याआधी त्यात गुंडाळून आणलेला तो जोडलेला धागा काढला आणि गॅलरीत बाबांच्या हातात दिला. बाबांनी धागा अंगठा आणि बोटात धरून सरकवला, एका जागी थांबले.

‘कोणाची गाठ ही?’

इतक्या वर्षांत त्यांनी मला आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

मी सांगितलं. टॅक्सी, बाटली, रेघ, सगळं. ते ऐकत होते, म्हणजे बघत होते. शेवटी धागा परत सरकवून म्हणाले, ‘तुझो साहेब कित्याक घाबरलो? पिलेल्याची गाठ अशी बसणा नाय. हो माणूस पिऊक नाय.’ आणि मग आवाज बंद करून नुसत्या ओठांनी, ‘घेऊन ये त्येका.’

परब दर रविवारी येऊ लागला. टॅक्सी चाळीखाली लावायची आणि वर येऊन बाबांसमोर स्टूल घेऊन बसायचं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, दोन म्हातारे नुसते एकमेकांकडे बघत बसलेत. प्रत्यक्षात तिथे जॉबरच्या, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाच्या, नकला, जुनी भांडणं, कोणाच्या साच्यावर कोणतं कापड निघायचं, सगळं चालू असायचं. मी मधे स्टूल टाकून बसायचो. संपाच्या दिवसांत गेटवर मला बघून त्यांना काय वाटलं तेही बाबांनी एका रविवारी सांगितलं. ‘तुझी टोपी वाकडी झालेली,’ म्हणाले, ‘सरळ कर म्हणून मी ओठांनी सांगत होतय. तू बघितलासच नाय.’ मी हसलो आणि आत जाऊन पाणी प्यायलो, कारण हसणं पुरं होईना.

पुढे यंत्रं आली. मी त्यांच्यावर रागावलो नाही. यंत्राला सर्दी होत नाही आणि यंत्राला कोणी ओळखीचा भेटत नाही. पण यंत्राने परबची फुंक साफ म्हटली असती तर तो धागा कोणी काढला नसता, हेही खरं.

बाबा गेले त्यानंतरच्या सर्वपित्रीला आईने वाडी वाढली. भात, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी. बाबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, विडी नाही, तंबाखू नाही. आवडीचं म्हणून काय ठेवायचं ते सुचेना. आईने शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि पानाशेजारी ठेवलं.

परब आला होता. आता तोही थकला होता, टॅक्सी मुलगा चालवायचा. तो खाली बसला, रिळाचा दोरा हातभर ओढला, तोडला आणि जोडला. जोडलेला दोरा पानाच्या कडेला ठेवून त्याने फोटोकडे बघितलं. खोलीत नातेवाईक होते, कोणाला काही ऐकू आलं नाही. त्याचे ओठ हलले ते आईने आणि मी वाचले.

‘जा,’ तो बाबांना म्हणाला, ‘मी बघतय.’